जबाब माझा, तोंड जावेचं

कामावर ज्यांचा हात, पाय, डोळा गेलाय आणि आता घरात बसून जे भिंतीकडं बघायलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डाव्या हातानं लिहिते. उजवा कोपराच्या खाली नाही. डाव्याला मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी बालवाडीत घातलं, त्यामुळं त्याचं अक्षर अजून ओळीवर बसत नाही. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर फिरली की जसं दिसेल, तसं दिसतं.

माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवू नका. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीच्या गयाबाईची, म्हणजे माझीच आहे. त्या बाईला मी आता पुरती ओळखून आहे. तिच्याइतकी येडी बाई देवगाव फाट्यापासून सेलूपर्यंत शोधून सापडली नसती. आणि स्वतःला समजायची लय शहाणी.

पट्टा

दिवाळीनंतर कापूस निघाला की आमच्याकडच्या बायका जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात जातात. मी वीस वर्षं गेले. काम एवढंच, की पट्ट्यावर कापूस लोटायचा आणि त्यातला काडीकचरा वेचायचा. पट्टा पुढं जाऊन एका रुळाखाली शिरतो. कुणाचं बोट जाऊ नये म्हणून त्या रुळावर लोखंडी जाळी बसवलेली असते. त्या दिवशी जाळी नव्हती. कापूस ओला होता, जाळीत सारखा फास बसायचा, पट्टा थांबायचा, म्हणून ती सकाळीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. आम्ही सगळ्याजणींनी ती बघितली. एकीनंही तोंड उघडलं नाही. दिवसाचा रोज बुडाला असता.

साडीवरून शर्ट घालायचा, पदर कमरेला खोचायचा, डोक्याला रुमाल बांधायचा, असा जिनिंगचा नियम. मी पाळायची. फक्त एक माणूस समोर आला की मोडायची. तो माणूस म्हणजे आमचा मुकादम. आणि मुकादम म्हणजे माझा भाया, नवऱ्याचा सख्खा थोरला भाऊ. घरात त्यांना सगळे थोरले म्हणतात.

आमच्यात भायासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. माझ्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. भिंतीला भिंत लावून दोन घरं. तरी मी त्यांच्याशी एकदाही बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर मधी जाऊ, कौसाबाई. थोरले हातभर अंतरावर बसलेले असले तरी मी जावेला म्हणणार, "त्यांना म्हणावं चहा गार व्हायलाय." जाऊ त्यांना म्हणणार, "चहा गार व्हायलाय म्हणं." ते म्हणणार, "तिला म्हणावं गरम करून आण." तोवर चहा खरंच गार.

तर त्या दिवशी थोरले दारातून आत आले. डोक्याला रुमाल होता की हो माझ्या! पण रुमाल म्हणजे पदर नव्हे, असं त्या शहाणीचं मत. तिनं कमरेचा पदर उपसला आणि डोक्यावर टाकला. त्याचं टोक पट्ट्यावर पडलं. रुळानं धरलं. साडी नवी होती, लेकानं दिवाळीला आणलेली. फाटेल म्हणून तिनं ती उजव्या हातानं मागं ओढली.

पुढचं लिहीत नाही. पट्टा बंद व्हायला जेवढा वेळ लागला, तेवढाच लागला.

दोन नातवंडांची आजी, अर्ध्या दाढा पडलेल्या, आणि काय ती लाजरी सून!

खाट

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा हात तिथंच आहे असं वाटत होतं. बोटं दुखत होती. मग डॉक्टरांनी सांगितलं. तरुण होता बिचारा, माझ्याकडं न बघता सलाईनच्या बाटलीशी बोलला.

नसलेला हात दुखतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवते. दुखतो, जळतो, आणि वाईट म्हणजे खाजतो. खाजवायचं कुठं? शेजारच्या खाटेवर सोनपेठकडची एक म्हातारी होती, मांडी मोडलेली. दोन दिवस तिनं माझं तळमळणं बघितलं. मग म्हणाली, "कुटं खाजायलंय गं?"

"तळहाताला."

"आन् तळहात कुटं असंल आता?"

मी गादीवर जागा दाखवली. तिनं आपल्या खाटेवरून हात लांबवला आणि ती जागा करकरा खाजवली. तुम्ही हसा, पण मला आराम पडला. मग रोज दुपारी आमचा हाच कार्यक्रम. पायाकडच्या खाटांपाशी बसलेली नातेवाईक मंडळी आमच्याकडं बघून आपापले पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवता येतात का, ते विचारायची.

जबाब

तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला हवालदार आला. सोबत जिनिंगचा कारकून. खाटेभोवती माझा नवरा, कौसाबाई आणि पायथ्याशी थोरले.

हवालदार म्हणाला, "हं, सांगा मावशी, कसं झालं?"

आता बघा. हात कापून तीन दिवस झालेत. अंगात ताप आहे. आणि या बाईनं सगळ्यात आधी काय केलं असेल? सलाईन लावलेल्या डाव्या हातानं दवाखान्याची चादर डोक्यावर घेतली. आणि जावेला जवळ बोलावून तिच्या कानात सांगितलं, "पदर अडकला म्हणावं. जाळी नव्हती म्हणावं."

जावेनं ऐकलं. एकदा थोरल्यांकडं बघितलं. मग हवालदाराला म्हणाली, "ती म्हणती, कचरा काढायला म्हणून तिनंच जाळी सरकवली. तिचीच चूक हाय म्हणती."

मी ऐकलं. माझे कान शाबूत होते. पण भाया समोर उभे, त्यांच्यादेखत थोरल्या जावेला खोटं पाडायचं? हवालदारानं विचारलं, "बरोबर ना मावशी?" आणि मी चादरीतून मान हलवली. डाव्या अंगठ्याला शाई लावून त्यांनी तो कागदावर दाबला. जबाब माझा, तोंड जावेचं.

कारकून जाताना नवऱ्याला म्हणाला, "औषधपाण्याचं शेट बघतील. कटकट करू नका फक्त." शेटनं बघितलं. पंधरा दिवस बघितलं, मग त्यांना दुसरीकडं बघायचं काम निघालं.

म्हणून कळवळून सांगते. जबाब घ्यायला माणूस आला की घरच्यांना आधी बाहेर काढा. दीर, भाया, सासरा, नवरा, सगळ्यांना. पाणी आणायला पाठवा, देवाला पाठवा, कुठंही पाठवा. आणि स्वतःच्या तोंडानं बोला. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा. मला हे सांगणारं कुणी नव्हतं. असतं तरी त्या शहाणीनं ऐकलं नसतं.

टक्के

घरी आले आणि कळलं, की दोन हात असताना आपण किती कामं करत होतो ते आपल्यालाच माहीत नव्हतं. पीठ एका हातानं मळता येतं, भाकरी थापता येत नाही. भांडं घासायला गेलं की ते पळतं. साडी नेसवायला सून, वेणी घालायला सून, आणि ज्या गोष्टीला कुणीच लागू नये तिथंही सुरुवातीला सूनच. सुरेखा तिचं नाव. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या भाकरीला मी नावं ठेवली होती. "ही भाकरी हाय का चामडं?" असं चारचौघींत म्हणाले होते. आता तीच भाकरी ती मला मोडून द्यायची आणि मी मान खाली घालून खायची.

नवऱ्याला दमा. कापसाच्याच धुळीचा. जिना चढला तरी धाप लागते. कामाचं नावच नको. लेक परभणीत टेम्पो चालवतो, दुसऱ्याचा. माझी मजुरी गेली आणि घराचा एक खांब गेला.

मग अपंगाचं सर्टिफिकेट. त्यावर डॉक्टर टक्के लिहितात. मला सत्तर टक्के मिळाले. शाळेत मी कधी पस्तिसाच्या वर गेले नव्हते, हातानं फर्स्ट क्लास काढला. त्या टक्क्यांवर निराधारचा पगार सुरू झाला. आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात, काम न करता मिळतो म्हणून असेल. महिन्याला दीड हजार. महिन्याला म्हणायची पद्धत आहे. कधी दोन महिन्यांनी येतो, कधी तीन. बँकेत गेले तर सही जुळेना. सही होती उजव्या हाताची. समोरचा मुलगा म्हणाला, "आजी, पहिल्यासारखी करा ना सही."

मी म्हणाले, "पहिला हात आणून दे, करते."

शेवटी अंगठ्यावर आलं सगळं. चौथी शिकलेली बाई अंगठेबहाद्दर झाली.

दीड हजारात काय होतं ते सांगते. नवऱ्याचा तोंडात मारायचा दम्याचा फवारा आणि गोळ्या येतात, आणि किराण्यातलं तेल. बाकी काही येत नाही. गॅस बंद करून परत चूल आली. दूध बंद झालं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी दिवसाआड करून टाकल्या, घरात कुणाला न सांगता. एका सकाळी मोरीत पडले, तेव्हा सुरेखाला डबीत उरलेल्या गोळ्या दिसल्या. तिनं त्या मोजल्या आणि मोरीच्या दारातच खाली बसली.

मरणाचा विचार आला होता, खोटं कशाला सांगू? एक दिवस नाही, चांगला महिना-दोन महिने मुक्कामाला होता. मी तो सुरेखाला बोलून दाखवला. म्हणाले, "माझ्या मागचा खर्च तरी वाचंल तुमचा."

ती माझ्या वेणीचा पेड घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "आत्याबाई, तुमी गेल्यावर पगार बंद हुईल. गप बसा." आणि मग माझ्या डोक्यावर कपाळ टेकून हमसून हमसून रडली. त्यानंतर तो विचार येतो, पण दारातून डोकावून जातो. बस म्हणत नाही मी त्याला. तुमच्याकडं असा पाहुणा आला तर एकट्यानं त्याच्याशी बोलत बसू नका, घरातल्या कुणाला तरी हाक मारा.

कचेरी

दवाखान्यातल्या एका ताईनं सांगितलं, की कामावर हात गेला तर मालकाला भरपाई द्यावी लागते. फुकट वकीलही मिळतो. मिळाली एक वकीलताई, माझ्या लेकापेक्षा लहान. तिनं माझा जबाब वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला. "आजी, यात तर तुम्हीच म्हणताय की जाळी मीच काढली. मग मालक कशाला देतील?"

आणि साक्षीदार कोण, तर मुकादम. थोरल्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं, की जाळी हिनंच काढली.

मी नवऱ्याला म्हणाले, "तुमी बोला ना भावाशी." तो खोकत राहिला. त्याला बापाच्या जागी थोरले. मग कौसाबाईला म्हणाले. ती म्हणाली, "त्येंनी खरं सांगितलं तर त्येंची नोकरी जाईल. तुझा हात तर गेलाच हाय गं. आता आमचं पण घालवतीस का?"

वकीलताईनं तरी दावा लावला. तारखा पडत गेल्या. शेवटी एकदा परभणीच्या कामगार कचेरीत थोरले साक्षीला उभे राहिले. पांढरं धोतर, टोपी. पोपटासारखं बोलले, "बाईनं स्वतःच्या हातानं जाळी काढली."

साहेबांनी मला विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे?"

मी डोक्यावर पदर घेऊन वकीलताईच्या कानात बोलले. ती साहेबांना म्हणाली, "त्या म्हणतात, जबाबातलं वाक्य त्यांचं नाही. जावेचं आहे."

"मग त्या वेळी का बोलल्या नाहीत?"

"भाया समोर होते म्हणतात."

साहेब लांबचे होते. "मग?" म्हणाले. त्यांना खरंच कळेना. तेव्हा टाइप करणाऱ्या बाई, चारठाण्याच्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "सर, आमच्याकडं भायासमोर बोलत नाहीत."

साहेबांनी थोरल्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आजी, भाया तर आताही समोर आहेत. आता बोलणार का? की पुन्हा दुसऱ्यानंच सांगायचं?"

माझ्या एकुलत्या हातात कागदांची पिशवी होती, आणि त्याच हातानं पदर धरलेला. उठताना एक काहीतरी सोडावं लागणार होतं. पिशवीत हाडाचे फोटो, सर्टिफिकेट, सगळं. मी पदर सोडला.

"थोरले," मी म्हणाले. आवाज असा निघाला, जसा कुणाचा तरी उसना आणलाय. "जाळीला बोल्ट किती असतात?"

ते खाली बघत होते. माझ्याशी तेही कधी बोलले नव्हते. साहेबांकडं बघून म्हणाले, "चार."

"कशानं निघतेत?"

"पान्यानं."

"पाना कुणाकडं असतो?"

"मुकादमाकडं."

"मुकादम कोण हाय?"



"मी."

"मंग मी जाळी काय दातानं काढली? अर्धे दात तर पडलेत माझे!"

टाइप करणाऱ्या बाई हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. जिनिंगचा वकील उठायला लागला. पण थोरल्यांनी टोपी काढली. साहेबांकडं नाही, वकिलाकडं नाही, माझ्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझं उघडं तोंड बघितलं असेल. म्हणाले, "शेट म्हणले, फास बसायलाय, काढून टाक. म्या सकाळी काढली. तू आत यायच्या आधी."

कारकून

निकाल माझ्या बाजूनं लागला. ढोल वाजवू नका. जिनिंगवाले वरच्या कोर्टात गेले. पैसे तिथं अडकलेत. वकीलताई म्हणते, निघतील. कधी, ते ती म्हणत नाही.

थोरल्यांचं काम दुसऱ्याच दिवशी गेलं. कौसाबाईनं नळावर चार बायकांदेखत माझा उद्धार केला. "हिला तर टक्के मिळाले, आमाला काय मिळालं?" मी भांडं भरून घरी आले. थोरले रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. विचारतात, "गयाबाई, आला का पगार?" मी म्हणते, "न्हाई." एवढ्या वर्षांचं मुकेपण मोडून आम्ही बोलतो काय, तर हे.

मागच्या आठवड्यात तोच कारकून मोटारसायकलवर आला. पगार येऊन तीन महिने झाले होते. नवऱ्याचा फवारा संपलेला, तो उशीला टेकून बसल्या बसल्या श्वास ओढत होता. कारकुनानं पिशवीतून नोटांची गड्डी काढून ओट्यावर ठेवली. भरपाईचा चौथा हिस्सा म्हणाला, पण आत्ता, रोख. वर एक कागद, वरच्या कोर्टात द्यायचा. मी चौथी शिकलेली, मला तो वाचायला अर्धा तास लागला. त्यात लिहिलं होतं, की जाळी मीच काढली, आणि मुकादम माझ्या दबावामुळं कचेरीत खोटं बोलला.

सुरेखा दारात उभी होती. नोटांकडं बघत नव्हती, म्हणजे नोटांकडंच बघत होती.

थोरले म्हणाले, "कर सही. मी खोटा तर खोटा. माझं काय ऱ्हायलंय आता? त्याचा फवारा तरी येईल."

मी पेन घेतलं. कागदावर टेकवलंसुद्धा. निळा ठिपका उमटला. मग मी कारकुनाला म्हणाले, "हे वाक्य खोडा. पैसे आणखी कमी द्या, पण हे खोडा."

"ते खोडलं तर राहिलं काय त्यात, मावशी?"

"मग न्या तुमचा कागद."

त्यानं गड्डी उचलली, पिशवीत टाकली, किक मारली.

आता तुम्ही म्हणाल, शाब्बास गयाबाई. म्हणू नका. मोटारसायकल फाट्यापर्यंत पोचली नसेल, तोवर मला पस्तावा झाला. आतून नवऱ्याच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. सहा वर्षं झाली, हात गेला, तरी ती शहाणी काही जात नाही माझ्यातून, असं वाटलं. मी ओट्यावरून ओरडले, "थोरले, पळा! गाठा त्याला! आणा माघारी, करते सही!"

थोरले बसून राहिले.

"अहो, उठा की! पळा म्हणते ना!"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाई जात."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम सोडला होता, आणि त्यांनी ऐकला नाही.